कॅमेऱ्यावरची टिकली

गाव सोडलं त्या सकाळी ट्रक फाट्यावर उभा होता आणि नामा माझी वळकटी डोक्यावर घेऊन पुढं चालला होता. नामा माझा धाकटा भाऊ. त्याचं तेव्हा लग्न व्हायचं होतं. माझं झालं होतं, पण बायकोला, पारूला, खोली मिळाल्यावर नेणार होतो. आई दारापर्यंतच आली. फाट्यापर्यंत येते म्हणाली तर मीच नको म्हणालो. ती म्हणाली, "अधनंमधनं तोंड दाखवत जा बाबा. निरोपात माणूस मावत न्हाई." मी हो म्हणालो. जाणारा माणूस सगळ्याला हो म्हणतो.

ट्रक गुळाचा होता. क्लीनरनं माझी वळकटी ढेपांवर फेकली. नामा बोलायला पहिल्यापासून कमी. त्यानं माझ्या पायाकडं बघितलं, स्वतःच्या चपला काढल्या आणि म्हणाला, "ह्या घाल. तुझ्या तुटायला झाल्यात." माझ्या तुटक्या घालून तो माघारी वळला. लोक लिहितात, गाव सोडताना डोळे भरून आले. माझं काही भरलं नव्हतं. गुळाला माश्या फार होत्या, तेवढं आठवतं.

हे मी गावात राहिलेल्यांसाठी लिहितोय आणि माझ्यासारखे बाहेर पडलेल्यांसाठीपण. माझी शाळा चौथीपर्यंत. वेलांटी चुकली तर तुम्ही सुधारून वाचा, मी सुधारणार नाही.

कळंबोलीत तेव्हा लोखंड बाजार नवा नवा उठत होता. गुडघाभर गवत, चिखल, आणि मधेच सळयांचे ढीग. मी लोखंड उचलणाऱ्या टोळीत लागलो. खांद्यावर गोणपाटाची घडी, घडीवर लोखंड. उन्हाळ्यात सळई अशी तापायची की तळहात चिकटून राहायचा. पण टोळीत माझ्या पुढं कुणी उभं राहत नव्हतं, हे खरं ते सांगतो. पहिली काही वर्षं एका खोलीत आठ जण, मग पारू आली, मग मुलगा झाला, विजय, मग ह्या दोन खोल्या झाल्या. कुणाच्या दारात उभा राहिलो नाही. तेव्हा खिडकीतनं खाडीकडचं वारं यायचं. आता समोरची बिल्डिंग येते. तेव्हा ट्रकवाले नावानं हाक मारायचे. आता सोसायटीचा वॉचमन मला "कौन से फ्लॅट में जाना है" विचारतो. मी राहतो त्या बिल्डिंगमध्ये.

इकडं मी असा, आणि तिकडं नामाचं लग्न झालं. इथं एक गोष्ट सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्याकडं थोरला दीर म्हणजे सासऱ्याच्या जागी. धाकट्या भावाच्या बायकोनं त्याच्यासमोर डोईवरचा पदर ढळू द्यायचा नाही, समोरासमोर बोलायचं नाही. आणि थोरल्यानंही उंबऱ्याबाहेर थांबून खाकरायचं. म्हणजे आतल्या बायका सावरून बसतात. बांगड्या वाजल्या की पाऊल टाकायचं, ते पण सोप्यापर्यंतच, म्हणजे बाहेरच्या पडवीपर्यंत. मी जत्रेला आणि दिवाळीला जायचो, खाकरायचो, बांगड्या वाजायच्या. ताट यायचं ते तिच्या हातांनी यायचं आणि मी ताटाकडं बघायचो. लग्नात तर बाशिंग आणि मुंडावळ्या, तोंड दिसणार कुठं. तिचं नाव हौसा. पण मी कधी नाव घेतलं नाही. मी म्हणायचो, नामाची मंडळी.

तोंड ओळखीचं नव्हतं, पण आवाज होता. फोन आधी गावातल्या दुकानात आला, मग घरात आला, मग नामाच्या खिशात आला. मी फोन लावायचो.

"नामा, कसं काय?"

"बरं हाय."

आणि मागनं बाईचा आवाज, "म्हस व्यालीया म्हणावं."

"म्हस व्यालीया," नामा म्हणायचा.

"काय झालं?"

मागनं, "रेडी झाली म्हणावं."

"रेडी."

"मग तिला सांग, चीक धाडायचा कुणाबरोबर तरी."

मागनं, "चीक टिकतोय व्हय कळंबोलीपतूर? फुटंल म्हणावं वाटंतच."

"फुटंल," नामा म्हणायचा.

फोन आल्यापासून असंच चाललं. मला तिचं सगळं ऐकू येत होतं, तिला माझं सगळं ऐकू जात होतं, आणि बोलत होतो आम्ही दोघंही नामाशी. गावात कोण मेलं, कुणाच्या विहिरीला पाणी लागलं, आईचं दुखणं, आई गेली ते, सगळं मला त्या मागच्या आवाजानं कळलं. नामा फक्त शेवटचा शब्द उचलून द्यायचा.

मागच्या वर्षी मी बाथरूममध्ये पडलो. खुबा मोडला. आत लोखंडाचा गोळा बसवला. जन्मभर मी लोखंड उचललं, आता लोखंडानं मला उचललंय. चार पायांचा वॉकर घेऊन संडासला जातो. डॉक्टर म्हणाले, गाडीतला लांबचा प्रवास बंद. मी विजयला सांगितलं, गावाला कळवायचं नाही, विचारलंच तर पाय मुरगळलाय म्हण. जत्रेत मला फेट्यात बघितलेलं गाव आहे ते. त्या गावाला वॉकर दाखवायचा नव्हता.

आणि मग नामाला झटका आला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. सागर, म्हणजे नामाचा मुलगा, पुण्यात नोकरीला. त्यानं विजयला फोन केला, विजयनं मला सांगितलं. मी टीव्ही बघत होतो. टीव्ही तसाच चालू राहिला. मला काही वाटलं नाही. पारू रडली, मी तिला म्हणालो, आवाज कमी कर जरा, बातम्या लागल्यात. असं का म्हणालो ते मला माहीत नाही.

विजय पावणे एमआयडीसीतल्या कारखान्यात सुपरवायझर आहे. तो म्हणाला, आबा, आपण दोन टॅबलेट घेऊ. एक इथं, एक सागर गावाला नेईल. मी म्हणालो, टॅबलेट डॉक्टरांनी दिल्यात की, सकाळची पांढरी आणि रात्रीची पिवळी. तो म्हणाला ती नव्हे, मोठा मोबाईल असतो तो. तुम्हाला बारीक दिसत नाही, काकांना बसता येत नाही. मोठ्या काचेवर बरं दिसेल.

मला गाडीत घालून पनवेलला दुकानात नेलं. दुकानदार पोरगेला होता. मी म्हणालो, "कॅमेरा नसलेला दाखवा."

"अंकल, कॅमेरा नसलेला कंपनी बनवतच नाही."

"का?"

"व्हिडिओ कॉल कसा करणार मग?"

"मला बोलायचंय."

"बोलायला साधा फोन आहे ना."

"मग टॅब कशाला विकतोस?"

विजय म्हणाला, "आबा, चला." आणि दोन घेतले, कॅमेऱ्यासकट.

माझं म्हणणं साधं होतं, आणि अजून आहे. उंबऱ्याबाहेर थांबून खाकरणारा माणूस मी. हा काचेचा डोळा खाकरत नाही. तो एकदम माजघरात. कोण कसं बसलंय, कुणाचा पदर कुठं आहे, काही विचारत नाही. आणि दुसरं, तिकडनं तो माझ्याकडं बघणार. हाफ पँट, वॉकर, खुंटं वाढलेली, असा मी त्या काचेत उभा राहून गावाच्या घरात जायचं? बोलणं वेगळं. बोलण्यात मी अजून पहिल्यासारखा उभा होतो.

बिल्डिंगखाली बाकावर करावे गावचे पाटील बसतात, लेकीकडं राहायला आलेत. ते म्हणाले, "आबा, ज्याचा तोंड दिसत नाय त्याचा बोलना काय खरा? आमी तर जाळ्यातली मासली पन उलटी करून बघतो."

मी म्हणालो, "मी मासळी नाही."

"वासावरना तरी नाय वाटत," पाटील म्हणाले आणि सगळा बाक हसला. मी वर आलो.

वर येऊन पारूच्या पाकिटातली एक टिकली काढली आणि टॅबच्या कपाळावर त्या डोळ्यावर चिकटवली. लाल, मोठी. बरोबर बसली. पारूनं बघितलं.

"माझी टिकली त्याला लावलीसा? आता चहा पण त्यालाच करायला सांगा."

त्या दिवशी चहा खरंच उशिरा मिळाला.

सागर रविवारी टॅब घेऊन गावाला गेला. सगळं जोडून दिलं, आईला हिरवं बटण दाखवलं, आणि पुण्याला परत गेला. सोमवारी विजयनं कामाला जायच्या आधी मला फोन लावून दिला. काचेवर एका बाईचं तोंड आलं. पिकलेले केस सुटलेले, जाड चष्मा, डोई उघडी, टॅब दोन्ही हातांत धरलेला. सागर म्हणालाच होता, नामाचं करायला एखादी बाई बघतोय. मी म्हणालो, "बाई, टॅब जरा पेशंटकडं फिरवा, आणि घरातल्या माणसांना बोलवा."

ती काही बोलली नाही. बघत राहिली माझ्याकडं. माझ्याकडं म्हणजे काळ्या काचेकडंच, कारण माझ्या बाजूला टिकली होती. मग टॅब हलला. आढं दिसलं, पंखा दिसला, आणि नामा दिसला. खाटेवर, भिंतीला लावलेला. तोंड एका बाजूला ओढलेलं. मी म्हणालो, "नामा. मी बोलतोय." त्यानं काचेकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग मान वळवून भिंतीकडं तोंड केलं. "नामा, अरे मी." मान परत फिरली नाही. फोन बंद झाला.

पारू माझ्या मागं उभी होती. ती म्हणाली, "अवो, बाई कुणाला म्हणलासा?"

"त्या ठेवलेल्या बाईला."

"ती हौसा हाय!"

मी म्हणालो, शक्य नाही, पदर कुठं होता? पारू म्हणाली, "दोन्ही हात त्या परातीला गुतल्यात, पदर काय दातात धरंल ती?"

बघा, चाळीस वर्षं मी तिच्या हातचं खाल्लं. आवाज अंधारात ओळखला असता. पण ती तोंड उघडं पडलं म्हणून बोलली नाही, आणि बोलली नाही म्हणून मी ओळखली नाही. लाज वाटायला पाहिजे होती. वाटली नाही. सगळं कुणा दुसऱ्याच्या घरी झाल्यासारखं वाटत होतं. मी जेवलो आणि झोपलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी साध्या फोनवर फोन आला. मी उचलला. पलीकडं आधी बांगड्या वाजल्या. मग ती म्हणाली, "मोठं भावजी, म्या बोलतीया. मधी बोलायला कुणी न्हाई, म्हणून मीच."

मी म्हणालो, "बोल." तिला ओळखून बोललेला हा माझा पहिला शब्द.

"काल बाई म्हणलासा."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"म्हणलासा ते ऱ्हाऊ द्या. पगार तेवढा धाडा म्हयन्याला."

मला वाटतं ती हसली. मला हसता आलं नाही. मग तिचा आवाज बदलला.

"भावजी, ह्ये खाईनात. तोंड उघडत न्हाईत. पेज भरवली तर गालातनं सोडत्यात. दवाखान्यातलं म्हणत्यात, गिळाय येतंय, पन गिळत न्हाईत. असंच ऱ्हायलं तर चार दिसात माणूस जातंय."

"का खात नाही?"

"तुमी गेलायसा म्हणून."

मला कळलं नाही. मी म्हणालो, "कुठं गेलो?"

"अवो, मेलायसा म्हणून." मग तिनं सगळं सांगितलं. गावातल्या कुणीतरी कळंबोलीतनं परत येऊन बातमी दिली होती की थोरल्याला दवाखान्यात ठेवलंय, ऑपरेशन झालंय. नामाला ते ठाऊक होतं. आणि नंतर त्याला झटका आला, तो खाटेवर पडला, सगळे भावकीतले येऊन गेले, आणि मी आलो नाही. नामानं हिशोब केला, तो तिनं त्याच्या खुणांवरनं ओळखला. थोरला जिता असता तर आला नसता होय? आला नाही, म्हणजे राहिला नाही. "आजारी माणसापासनं असं दडवत्यात, आपल्यातच दडवत्यात न्हाई का? आत्तीबाईंच्या, तुमच्या आईंच्या दुखण्यात त्यांचा भाऊ गेल्याचं आपन दडवलंच हुतं. त्येंच्या डोक्यात त्येच. आन काल त्या काळ्या फळीतनं तुमचा आवाज आला. त्येंना वाटलं, जुना आवाज भरून ठिवलाय आन आता वाजवून दाखवत्यात."

मी टॅबवरच्या टिकलीकडं बघितलं.

"सांगितलं म्या किती डाव. माझं पटत न्हाई त्येंना. तुमी तोंड दाखवा, भावजी."

आणि फोन ठेवला तिनं. निरोप नाही, काही नाही.

मी टॅब मांडीवर घेतला. टिकली नखानं काढली. ती काढताना फाटली, डिंक राहिला, तो पारूनं खोबरेल लावून पुसला. मग मी म्हणालो, दाढीचं सामान आण. दाढी केली. पांढरा सदरा घातला, टोपी घातली, कपाळाला गंध लावलं. जायचंच तर नीट जायचं. टॅब टेबलावर डब्याला टेकवून उभा केला, समोर खुर्ची, वॉकर पडद्यामागं लपवला. पारूला म्हणालो, लाव.

काच उजळली. ह्या वेळेला तिचं तोंड नव्हतं. तिनं टॅब खाटेकडं करूनच उचलला होता, आणि ती त्याच्यामागं. नामा समोर होता. मी ताठ बसलो. हात मांडीवर, नजर समोर, फोटो काढायला बसतात तसा. म्हणालो काहीच नाही. त्याला नीट बघू दे, असं मनात होतं.

नामानं बघितलं आणि त्याच्या घशातनं आवाज आला. तसला आवाज मी म्हशीचा ऐकलाय, माणसाचा नाही. डोळ्यांतनं पाणी, तोंड वाकडं, डावा हात छातीवर आपटायला लागला. मला वाटलं आनंद झाला. मी आणखी ताठ बसलो.

टॅबच्या मागनं हौसा ओरडली, "मोठं भावजी, हला! हला वो जरा! ह्येंना फोटू वाटतोय! दहाव्याला लावत्यात तसला!"

मी खाली काचेच्या कोपऱ्यात बघितलं. तिथं मी बारीक दिसत होतो. पांढरी टोपी, गंध, चौकट. फक्त हार घालायचा राहिला होता. खरंच मेल्यासारखा दिसत होतो. मी हात हलवला. नामाचं रडणं थांबेना. "आरं मी हाय," म्हणालो. तो ऐकेना, आवाजावर त्याचा विश्वास उडालेला होता. पारू म्हणाली, "अवो उठा. फोटू उठून उभा ऱ्हातो व्हय?"

मी तिला म्हणालो, पडद्यामागचं दे ते.

तिनं वॉकर दिला. मी खुर्चीतनं उठलो. उठताना मला आधी पुढं वाकावं लागतं, मग तोंडानं फूऽ करून हवा सोडावी लागते, मग दोन हात. सदरा वर सरकला, खालनं हाफ पँट दिसली. पायजमा घालायला लई वेळ जातो म्हणून तो घातलाच नव्हता. मी उभा राहिलो. वॉकर उचलून पुढं ठेवला, पाय ओढला. परत ठेवला, ओढला. खिडकीपर्यंत गेलो आणि वळलो. वळणं सगळ्यात अवघड. परत टेबलापर्यंत आलो. घाम आला होता, टोपी सरकून कानावर आली होती.

तिकडं आवाज बंद झाला होता. नामा डोळे फाडून बघत होता. टोपीकडं नाही, तोंडाकडंही नाही. वॉकरच्या पायांकडं, माझ्या पायांकडं. डावा हात उचलून त्यानं बोट केलं.

मागनं आवाज आला, "इचारत्यात, ह्ये काय हाय."

"सांग त्याला, खुबा मोडलाय. आत लोखंड घातलंय. गाडीत बसवत नाही."

"खुबा मोडलाय त्येंचा," ती नामाला म्हणाली. "म्हणून आलं न्हाईत. जित्तं हाईत."

नामाच्या तोंडाची चांगली बाजू हलली. हसला की काय केलं, मला ओळखता आलं नाही. मग काचेत बाजूनं एक हात आला. हिरव्या बांगड्या आणि चमचा. नामानं तोंड उघडलं. पेज गेली. घशाची गाठ वर गेली, खाली आली. दुसरा चमचा गेला. मी वॉकर धरून उभाच होतो, बसायचं सुचलं नाही. वाटी संपेपर्यंत तसाच.

तिथनं पुढं रोज दुपारी टॅब लागायचा. दोघंही जेवायचो, तो तिकडं, मी इकडं. आधी मी एकदा खाकरायचो, आणि हौसा टॅबमागं जायची. बोलण्यासारखं काही नव्हतं. त्याला येत नव्हतं, मला सुचत नव्हतं. गावाकडची हवा कशी, ते मागनं कळायचं. कधी कधी मी नुसता त्याच्या घशाकडं बघत बसायचो. पाटलांनी बाकावर विचारलं, काय आबा, टिकली निघाली का? मी म्हणालो, तुमचं बरोबर होतं असं समजू नका. बोलायला कॅमेरा लागत नाही, हे मी आजही म्हणतो. माझा भाऊ बोलत नव्हता, एवढाच फरक.

पुढं नामा गेला. झोपेत गेला, त्यात सांगण्यासारखं काही नाही. सागरनं विचारलं, आबा, दाखवू का? मी म्हणालो, दाखव. कुणीतरी टॅब धरला होता. कधी लोकांचे पाय दिसायचे, कधी आभाळ, कधी कुणाची पाठ. ज्या खांद्यानं इतकं लोखंड वाहिलं त्या खांद्याला भाऊ आला नाही. ओढ्याकडं वळल्यावर ज्याच्या हातात टॅब होता त्याला खांदा बदलायला बोलावलं असावं, त्यानं तो काखेत धरला. मग नुसता काळोख आणि पावलांचा आवाज. पारू म्हणाली, बंद करा. मी नाही केला. दुसऱ्या कुणी काखेतनं काढून बघितला आणि म्हणाला, अरे हे चालूच आहे की, आणि त्यानं बंद केला. मी आंघोळ केली. पाणी गार होतं, ते आंघोळ झाल्यावर कळलं.

चौदावा झाल्यावर सागरनं ठरवलं, आई एकटी राहायची नाही, पुण्याला न्यायची. निघायच्या आदल्या दिवशी हौसानं टॅब लावला. "मोठं भावजी, घर बघून घ्या. उद्या कुलूप लागतंय." ती टॅब पुढं धरून चालायला लागली. सोपा दाखवून झाला. मग ती माजघरात शिरली. ती घरात आल्यापासून मी त्या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं. पोरपणी मी तिथंच झोपायचो. भिंतींना आता निळा रंग होता. आईची चूल होती तिथं ओटा झाला होता, त्यावर गॅस. मी उतरंड शोधत होतो, तिथं फ्रीज होता. मी मनात जे घर घेऊन कळंबोलीत इतकी वर्षं राहिलो ते कधीच मोडलं होतं, आणि दुसरं झालं होतं, आणि मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कशाला, मी सोप्यातनंच माघारी जात होतो. ती एकेक दाखवत होती, ह्ये कपाट, ही शिलाई मशीन, ह्यो त्येंचा रेडिओ. मी हूं हूं म्हणत होतो.

मग म्हणाली, "भावजी, तुमी आदी गेलायसा घर सोडून. मला काय तरी सांगा. तिकडं कसं ऱ्हायाचं?"

मी विचार केला. चाळीस वर्षांत मी काय शिकलो ते आठवायला गेलो. म्हणालो, "फ्लॅटचं दार ओढून घेऊ नको. आपोआप लागतं, किल्ली आत राहते. किल्ली कमरेला ठेव."

"बस? चाळीस वर्सात एवढंच?"

"एवढंच."

"बरं," ती म्हणाली. "किल्ली कमरंला."

आता ती पुण्याला आहे. मला कुणी विचारतं, आबा, गाव कुठलं? मी नाव सांगतो. पण त्या नावाच्या जागी आता कुलूप आहे, आणि कुलपाला फोन लागत नाही. तेव्हा घर म्हटलं की मला दिशा कळायची. ट्रकमध्ये झोपेत असलो तरी कळायची. आता ती कळत नाही. हे मी दुःखानं सांगतोय असं नाही. कळत नाही, एवढंच.

परवा तिचा फोन आला. ह्या वेळेला टॅब कशाला तरी टेकवून ठेवला होता आणि ती समोर बसली होती. मागं पांढऱ्या टाइल, ॲल्युमिनियमची खिडकी, जाळी, जाळीत वाळत घातलेले टॉवेल. माझ्या मागं पण तेच होतं. दोन्हीतली कुठली खोली कळंबोलीतली ते बाहेरच्या माणसाला सांगता आलं नसतं. पदर डोईवर नव्हता, चष्मा नाकावर घसरलेला होता. मी नजर खाली केली नाही. बाई म्हातारी झाली होती. डाव्या भुवईजवळ जुना व्रण होता, तो कशाचा ते मला माहीत नाही, कधीतरी विचारीन. मधी बोलायला कुणी नव्हतं.

मग मीच विचारलं, "हौसा, जेवलीस का?"

ती म्हणाली, "न्हाई अजून. तुमी?"

"नाही."

"मग बसा," ती म्हणाली. "ताट घेऊन येती."